चिंतेचं पाळीपत्रक

मानवी मनाइतकं अथांग, गूढ आणि अनाकलनीय असं या विश्वात दुसरं काहीही नाही. छकुली मानसिंग घोगरे हिच्या प्रबंधाचं पहिलं वाक्य हे होतं आणि गेली आठ वर्षं ते एकटंच होतं. आठव्या वर्षी विद्यापीठाचं मुदतवाढीबद्दलचं परिपत्रक आलं. ते तिने तीनदा वाचलं आणि मनाबद्दलचं मत बदललं.

परिपत्रकाचा सारांश असा, की ३१ मार्चपर्यंत प्रबंध जमा करा, नाहीतर नोंदणी रद्द. पुढची मुदतवाढ नाही.

छकुली हे तिचं घरातलं लाडाचं नाव नव्हे, दप्तरातलं होतं. बारशाला ठेवलेलं भारदस्त नाव शाळेत घालताना मानसिंगरावांना ऐन वेळी आठवलं नाही, आणि मास्तरांना घाई होती. त्यामुळे चिकित्सा मानसशास्त्रात पीएच.डी. करणारी चौतीस वर्षांची बाई सगळ्या कागदांवर छकुली होती. नावाआधी डॉक्टर लागलं की पुढचं कुणी वाचणार नाही, अशी तिची एक आशा होती. बारामतीतल्या ज्या संशोधन केंद्रात तिची नोंदणी होती, तिथल्या शिपायानेही तिला एकदा विचारलं होतं, "मॅडम, डॉक्टर झाल्यावर तरी मोठं नाव घेणार का?"

विषय होता 'ग्रामीण प्रौढांमधील अतिचिंतेवर आठ आठवड्यांच्या उपचाराचा परिणाम'. चाळीस अतिचिंता करणारी माणसं शोधायची. वीस जणांना उपचार द्यायचा, वीस जणांना नुसतं थांबायला लावायचं. दोन्ही गटांचे गुण आधी आणि नंतर मोजायचे. उपचाराचा गट सुधारला, थांबणारा तसाच राहिला, की झाली डॉक्टर.

माणसांसाठी तिने आत्याची वाडी निवडली. इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या अलीकडे, उसात बुडालेली. चाळीस चिंताग्रस्त माणसं मिळतील की नाही अशी तिला धास्ती होती. पहिल्या दोन दिवसांत एकशे बारा पात्र ठरली.

प्रश्नावली तिने स्वतः वाचून दाखवली.

"काकू, गेल्या दोन आठवड्यांत काहीतरी वाईट घडणार आहे असं वाटलं का?"

"वाटायचं कशाला?" सिंधुबाई म्हणाली. "घडलंच की. एक म्हस आटली."

"स्वतःवर ताबा राहत नाही असं वाटतं?"

"माज्यावर सासूचा ताबा हाय. माजा कवा हुता?"

छकुलीने 'बहुतेक वेळा'वर खूण केली.

पात्र ठरलेल्यांतले पहिले चाळीस घेऊन जानेवारीतल्या एका सोमवारी मारुतीच्या पारावर चिठ्ठ्या टाकल्या. कळशीत चाळीस चिठ्ठ्या, निम्म्यांवर 'उपचार', निम्म्यांवर 'प्रतीक्षा'. ज्याने त्याने हात घालून आपली काढायची. हे असं नशिबावर सोडणं म्हणजे शास्त्राचा कणा, असं तिने लोकांना समजावलं. लोकांना ते पटलं. वाडीत शास्त्राशिवायही बरंच काही नशिबावरच चालायचं. चिठ्ठ्या निघाल्या आणि नावं लिहून घ्यायला ती वही उघडणार, तेवढ्यात कौसल्या आत्या पदर खोचून आली.

"आदी च्या. मग काय लिवायचं ती लिव."

"आत्या, पाच मिनिटं थांब."

"च्या थांबत न्हाय. आन् भाची पारावर बसून उपाशी काम करती, ह्ये लोकांनी बगायचं व्हय?"

आत्याला नाही म्हणायचं शिक्षण कोणत्याच विद्यापीठात मिळत नाही. छकुली चहा, त्यामागे पोहे, त्यामागे आत्याच्या गुडघ्याची हकिकत, एवढं उरकून अर्ध्या तासाने परतली. सगळे आपापली चिठ्ठी धरून शहाण्यासारखे बसले होते. तिने चिठ्ठ्या पाहून नावं लिहिली. वीस आणि वीस.

प्रतीक्षा गटात रावजी आबा होते. तेहतीस वर्षं कालव्यावर पाटकरी. कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी, हे पाळीपत्रक त्यांच्या हातात असायचं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी लोक त्यांच्यासमोर जरा दबूनच बोलायचे.

"आमी काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आबा. आठ आठवडे फक्त थांबायचं."

"थांबायला काय हुशारी लागती? तेहतीस वर्षं लोकांना थांबवलंय मी."

उपचार सोपा होता. दिवसभर चिंता करायची नाही. चिंता आली की तिला सांगायचं, संध्याकाळी ये. मग रोज पाच ते साडेपाच, ठरलेल्या जागी एकट्याने बसून, वहीत लिहून, पोटभर चिंता करायची आणि साडेपाचला उठायचं. गटाची बैठक दर सोमवारी.

"पाचला धारा असत्यात," सिंधुबाई म्हणाली. "सकाळच्याला केली तर न्हाय का चालणार? दहाला मी मोकळी असती."

"वेळ एकच ठेवायची, काकू."

"म्हशीला कोण सांगणार?"

वह्या मात्र लोकांनी इमानाने भरल्या. वीसच्या वीस वह्यांत रोजची पहिली ओळ तीच. ऊस वाळतोय, तोडणीची टोळी आली न्हाय. छकुलीने टिपणवहीत त्याचं वर्गीकरण 'अनिश्चितता सहन न होणे' असं केलं आणि त्याखाली परदेशी अभ्यासांचे अकरा संदर्भ दिले.

पाचव्या सोमवारी ती लवकर पोचली. पारावर गर्दी होती. वडाला पुठ्ठा टांगलेला होता आणि त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'चिंतेचं पाळीपत्रक'. खाली नावं, नावांपुढे वेळा. प्रतीक्षा गटातली नावं. रावजी आबा हातात घड्याळ घेऊन मध्ये बसले होते आणि त्यांच्याच गटातला म्हस्कू तावातावाने बोलत होता.

"आबा, हे काय?"

"सिंधूनं सांगितलं तुमचं काय चालतं ती. आमी म्हटलं, बसल्या बसल्या आपण बी करावं."

"पण तुम्ही थांबायचं होतं!"

"थांबलोयच की. पाळीला."

पाळीपत्रकाचे नियम कडक होते. सुरुवात टेलकडून, कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून, म्हणजे ज्याला कुणी विचारत नाही त्याची चिंता आधी. पहिलं नाव तानूबाईचं होतं. ती एकटी, वाडीच्या शेवटच्या घरात राहायची. तिला दहा मिनिटं, बाकीच्यांना पाच. एकाच्या पाळीत दुसऱ्याने आपली चिंता घुसवायची नाही. म्हस्कूने तानूबाईच्या वेळेत आपल्या जावयाचा विषय काढला होता, तर आबांनी त्याची पुढची पाळी कापली होती.

"माजा जावई काय पळून चाललाय व्हय?" म्हस्कू कुरकुरला.

"मग पुडच्या आवर्तनाला घी," आबा म्हणाले. "गप."

छकुलीने शेताच्या बांधावर जाऊन गाईड मॅडमना फोन लावला. थांबणाऱ्या गटालाच उपचार पोचला, म्हणजे तुलना कशाशी करायची?

"त्यांना बरं होऊ देऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. मग घाईने पुढे म्हणाल्या, "म्हणजे बिघडवू पण नकोस. होते तसे ठेव."

"कसं ठेवू, मॅडम?"

"ते तू बघ. मी मीटिंगमध्ये आहे."

तिने आबांना विनवलं. आबांनी पुठ्ठा उलटा टांगला. पाळ्या तोंडपाठ होत्याच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजणी झाली. उपचाराच्या गटाचे चिंतेचे सरासरी गुण एकसष्टवरून सत्तावन्नवर आले होते. प्रतीक्षा गटाचे बासष्टवरून चौतीसवर.

छकुलीने बेरीज चार वेळा केली, मग एका मैत्रिणीकडून संगणकावर करून घेतली. चौतीसच. आठ वर्षांच्या शिक्षणाचं तात्पर्य असं निघत होतं, की तिने हात लावलेली माणसं होती तिथेच राहिली आणि न लावलेली सुधारली. ती बारामतीच्या खोलीवर दार लावून बसली आणि पाच-साडेपाचच्या आत-बाहेर, वेळेचं कसलंही बंधन न पाळता, चिंता करत राहिली.

मॅडमनी आकडे पाहिले, कॅलेंडर पाहिलं. एकवीस तारीख होती.

"छकुली," त्या म्हणाल्या, "हा दोष नाही. हा शोध आहे."

"कसला, मॅडम?"

"आपल्याकडचा माणूस एकट्याने चिंता करूच शकत नाही. तुझा उपचार एकट्याचा होता, त्यांचा सगळ्यांचा. नाव दे त्याला काहीतरी. जरा मोठं दे."

नाव ठरलं 'सामूहिक चिंता-आवर्तन प्रतिमान'. शीर्षक बदलण्याचा एक अर्ज, त्यावर सात सह्या. एकतीसला दुपारी सव्वाचारला प्रबंध जमा झाला. विशेष म्हणजे छकुलीला हळूहळू ते पटतही गेलं. तानूबाई पारावर हसताना तिने स्वतः पाहिली होती. प्रबंधाला अखेर दुसरं वाक्य मिळालं आणि ते तिला आवडलंही.

खुली मौखिक परीक्षा नोव्हेंबरात बारामतीत झाली. खुली म्हणजे कुणीही यावं. सहसा कुणी येत नाही. छकुलीच्या परीक्षेला वाडीहून एक पिकअप भरून आली. रावजी आबा धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत बसले, शेजारी कौसल्या आत्या पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून.

कोल्हापूरहून आलेले बहिःस्थ परीक्षक मन लावून ऐकत होते. संदर्भसूचीतल्या एका सालाबद्दल त्यांनी शंका काढली. मग चष्मा वर करून म्हणाले, "पाण्याच्या पाळीवरून मनाची पाळी! हे मातीतून आलेलं आहे. याची कार्यशाळा घेतली पाहिजे." मॅडमनी नम्रपणे मान खाली घातली.

"सभागृहात कुणाला काही प्रश्न?" परीक्षकांनी विचारलं. हे विचारायची रीत असते. उठायची नसते. आबा उठले.

"प्रश्न न्हाय, सायेब. एक दुरुस्ती हाय."

"बोला ना, आजोबा."

"पोरगी म्हंती, आमी पारावर बसलो म्हणून चिंता हटली. तिची माया हाय म्हणून म्हंती. पर कागदावर चुकीचं जाया नको. आमचा ऊस गेला हुता."

"म्हणजे?"

"कारखान्याची टोळी आली फेब्रुवारीत. आमच्या वीसातल्या सतरा जणांचा तुटला. ऊस गेला आन् झोप लागली. दुसऱ्या गटाचा उभाच हुता मार्च सरंस्तोवर. त्यांना कशी लागणार?"

परीक्षकांनी चष्मा खाली घेतला. "पण गट तर चिठ्ठ्यांनी पाडले होते. तोडणीचे सतरा जण एकाच गटात कसे?"

"चिठ्ठ्या बदलल्या की. ही च्याला गेली हुती तवा." आत्याने पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं. आबा पुढे म्हणाले, "ज्यांची तोड जवळ आलेली, त्यांना दर सोमवारी बसाया कुठं सवड? टोळी बगायची, ट्रॉल्या भरायच्या. त्यांनी थांबायच्या घेतल्या, रिकाम्यांनी उपचाराच्या. पाण्याची पाळी बी आमी अशीच बदलतो. कुणाचं नुकसान न्हाय त्यात." आबा बसले आणि पुन्हा अर्धे उठले. "तानूबाईला ऊस न्हाय. ती पारावर आल्यानंच सुदारली. तेवढं ऱ्हाऊ द्या."

मॅडम छकुलीकडे पाहत होत्या आणि त्या नजरेत एक आयतं उत्तर तयार होतं. आबांचं वय झालंय, गंमत करतात. एवढं एक वाक्य हसून म्हटलं की संपलं. पिकअपमधली सगळी वाडीसुद्धा सोबत हसली असती.

छकुलीने माईक जवळ ओढला.

"सर, आबा खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली. "चिठ्ठ्या बदलल्या असतील, तर माझा निष्कर्ष टिकत नाही. पहिल्या पानापासून." मग तिने पुस्ती जोडली, "तानूबाई सोडून."

परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी परीक्षा समितीच्या अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सर्वांनी चहा घ्यावा असं जाहीर केलं.

परीक्षकांना एकची कोल्हापूर गाडी गाठायची असल्यामुळे, 'उमेदवारास पदवी प्रदान करण्यात यावी' हा अहवाल परीक्षा सुरू होण्याआधीच, सकाळी साडेनऊला, टाइप होऊन त्यावर तिघांच्याही सह्या झाल्या होत्या.