ओतूरचं कुत्रं

वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलेल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती : ‘ओतूरहून कुत्रं आणणे. विसरू नये.’

अक्षर त्यांचंच होतं, तारेची मापं लिहावीत तसं ठसठशीत. पस्तीस वर्षं येडगावात त्यांचं पंपाच्या मोटारी भरून देण्याचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळून देण्याचं दुकान होतं. धरणाच्या काठाला पंप चिक्कार, त्यामुळे जळालेल्या मोटारींना तोटा नव्हता. गेल्या पौषात एके दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत.

मी पुण्यात एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. एकुलती एक. वडिलांना फोन आठवड्यातून एकदा करायचे, तोही जिना चढता चढता. साठीच्या माणसाला कुत्रं हवंसं वाटतं म्हणजे तो एकटा पडलेला असतो, हा अर्थ लावायला मला वेळ लागला नाही. आयुष्यभर पुस्तकं वाचल्यावर माणूस अशा अर्थांत तरबेज होतो. तेव्हापासून मी दर शनिवारी येडगावला येऊ लागले. उशीर झालाच होता, पण येत होते.

कुत्रं आम्ही आणलं. मी आणि आई ओतूरला गेलो आणि स्टँडपासून विचारत विचारत फिरलो. कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान चालवणारे भरत म्हणाले, “बाळासाहेबांनी माझ्याकडं तसा शब्द न्हवता टाकला. पण न्या की. पाच हायेत. दोन न्या.”

आम्ही एकच आणलं. तांबूस, एक कान पडका. प्रत्येक बाबतीत त्याला काहीतरी म्हणायचंच असे, म्हणून आईने त्याचं नाव ठेवलं वकील.

आषाढात ओतूरहून टेम्पो आला. तिथलं मोटारी भरायचं एक जुनं दुकान बंद झालं होतं आणि त्यातलं सामान वडिलांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. दुकान आता संपत बघतो. वडिलांच्या हाताखाली त्याने बारा वर्षं काढलीत. त्याने एकेक वस्तू ओळखून जागेवर लावली. एक मात्र राहिली.

वीतभर लांबीचा लोखंडी ठोकळा, पातळ पत्रे एकावर एक दाबून केलेला. वरच्या बाजूला खोल खाच, पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि शेपटासारखी लोंबणारी तुटकी वायर.

“ट्रान्सफॉर्मर म्हणावा तर अर्धाच हाय,” संपत म्हणाला.

“चपला शिवायचा साचा आसंल,” शेजारच्या मंगलमावशी म्हणाल्या.

“साच्याला तार कशाला?”

“गरम करून शिवत असतील. तुला सगळंच कळतं व्हय?”

मी फोटो काढून माझ्या एका इंजिनियर मित्राला पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘इंटरेस्टिंग.’ शेवटी आईने तो ठोकळा दुकानाच्या दाराला टेकण म्हणून लावला. वाऱ्याने दार आपटायचं ते थांबलं आणि विषय संपला.

श्रावणातल्या एका रविवारी गेणभाऊ आले. ओतूरचं ते बंद झालेलं दुकान त्यांचंच. डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे भेटायला यायचं राहून गेलं होतं. वडिलांचं पहिलं शिक्षणही त्यांच्याच हाताखाली झालेलं. आई चहा ठेवायला दुकानामागच्या घरात गेली. गेणभाऊंनी चष्मा पुसला, दाराकडे पाहिलं आणि त्यांची मुद्रा बदलली.

“ताई, कुत्रं दाराला लावलं तुमी?”

वकील उंबऱ्यावर झोपला होता. “लावलं नाही,” मी म्हटलं. “त्याचं ते तिथे पडून राहतं.”

“पडून ठिवायची वस्तू हाय व्हय ती? त्याला करंट द्यायचा.”

मी वकिलाकडे पाहिलं.

“त्याच्या मांडीवर आर्मेचर ठिवायचं आन् मग बटन दाबायचं. कसं गुरगुरतं बघा.”

“गेणभाऊ, तुम्ही कुणाबद्दल बोलताय?”

त्यांनी काठीने ठोकळ्याला टोचलं. “ह्या. इंग्रजीत ग्राउलर म्हंत्यात, गुरगुरणारं. आमचे उस्ताद म्हणायचे, गुरगुरतं ते कुत्रं. आमच्या दुकानात ह्याला दुसरं नावच न्हवतं. बाळासाहेबांनी तीनदा फोन केला. बाकी सामान सावकाश धाडा, म्हणाले, कुत्रं मी सवता येऊन नेतो. पंप उचलून कंबर गेली म्हणाले, आता मिक्सर-ड्रिलची बसून करायची कामं काढतो.”

मी स्टुलावर बसले. म्हणजे त्यांना नवीन काम काढायचं होतं. सात महिने मी ज्या एकट्या माणसासाठी शनिवारच्या गाड्या पकडत होते, तो नव्हताच. होता तो एक मेकॅनिक, नव्या कामाच्या घाईत. मला हसू आलं.

मग आई आठवली. त्यांची शेवटची इच्छा म्हणून ती त्या कुत्र्याला स्वतःच्या आधी जेवायला घालायची.

“गेणभाऊ,” मी आवाज खाली आणला, “हे आईसमोर बोलू नका.”

“का वो?”

“ते उंबऱ्यावरचं कुत्रं, आमचा वकील, आम्ही त्यांची चिठ्ठी वाचून आणलंय.”

गेणभाऊंनी वकिलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचं पोट हलायला लागलं.

“हसा मोकळ्यानं,” आई चहा घेऊन बाहेर आली. “मधी पत्राच हाय. समदं ऐकू येतंय.”

“आई, अगं…”

“मला काय सांगतीस? त्या माणसाला ल्हानपणी कुत्रं चावलं व्हतं. बेंबीत चौदा इंजेक्शनं. तुला शाळेत सोडाया जाताना तळ्याच्या बाजूनं न्यायचे का न्हाई?”

“तो रस्ता जवळचा आहे म्हणायचे.”

“दुप्पट लांब व्हता. नीट रस्त्याला पाटलांची कुत्री व्हती.” आईने कप पुढे केले. “असला माणूस कुत्रं आणतोय व्हय? काय यंत्रबिंत्र आसंल, हे मला तवाच कळलं व्हतं.”

“मग आणलंस कशाला?”

“मला पाहिजे व्हतं. लगीन झाल्यापासून मागत व्हते. त्यांच्या हातचं लिवलेलं घावलं, मग सोडीन व्हय मी?”

“वहिनी, खऱ्या वकील तर तुमीच,” गेणभाऊ म्हणाले.

“चहा प्या. गार व्हतोय.”

चहा झाल्यावर आईने आतून तिचा जळका मिक्सर आणून टेबलावर आदळला. “आता ह्या दुसऱ्या कुत्र्याचं काम दाखवा.”

मी संपतला बोलावून घेतलं. त्याने ठोकळ्याला नवी वायर जोडली, मिक्सर उघडला आणि त्याचा फिरणारा गाभा काढून खाचेत ठेवला. तेच आर्मेचर. गेणभाऊंनी लोखंड कापायच्या करवतीचं पातं माझ्या हातात दिलं.

“माझ्या डोळ्याला दिसायचं न्हाई. तुमी धरा, ताई. हलकं टेकवायचं. तारा जिथं आतून चिकटल्यात, तिथं पातं थरथरंल.”

संपतने बटण दाबलं. ठोकळ्यातून खालच्या पट्टीतली गुरगुर निघाली. वकील उठून बसला, मान वाकडी करून बघत राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला काही म्हणायचं नव्हतं.

संपत आर्मेचर हळूहळू फिरवत होता. त्यावरच्या तारांची एक खाच गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. माझा हात अवघडला. सातव्या खाचेवर पातं एकदम जिवंत झालं. बोटांतून मनगटापर्यंत तो थरथराट चढला.

“घावलं?” गेणभाऊंनी विचारलं.

“इथेच आहे.”

“मग खडूनं खूण करा. आता तार उकलायला घ्यायची.”

आईने खडू दिला. मी खूण केली, पातं खाली ठेवलं आणि संपतला विचारलं, तार कुठल्या मापाची लागेल.