सरकारी रिळातला माणूस

भिगवणच्या बाजारतळावर तंबूचा सिनेमा लागला, तेव्हा डाळजच्या प्रयागबाईला तो दाखवायचा हट्ट तिच्या नवऱ्यानं, रामहरीनं धरला. एरवी वांग्या-कांद्याच्या माळव्यातून डोकं वर न काढणारा माणूस. पण खेळ होता पंधरा वर्षांमागचा, साहेबाच्या राज्यातला, जुन्या राजांचा. आणि त्यातल्या फौजेत भाला धरून चालायला त्याचा थोरला भाऊ जोतीराम होता.

जोतीराम म्हणजे प्रयागबाईचा पहिला नवरा. कोल्हापूरला गुऱ्हाळावर म्हणून गेला आणि स्टुडिओत दाढी डकवून मावळा झाला. खोट्या लढाईनं त्याची हौस भागेना, म्हणून खऱ्या पलटणीत भरती झाला. ब्रह्मदेशाकडून कागद आला: बेपत्ता, बहुधा मयत. सासऱ्यानं चार वर्षं वाट बघितली आणि प्रयागबाईचा धाकट्या दिराशी पाट लावला. वाजंत्री नाही, वरात नाही. चार शहाण्यांनी माना डोलावल्या की झाला संसार. मयत म्हणून जोतीरामाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवला. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता.

"दादाला एकदा डोळं भरून बघून घे," रामहरी म्हणाला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

तंबूत मधोमध दोर बांधलेला. अलीकडं बाया, पलीकडं बापये. आधी सरकारी रीळ लागलं. साहेबाच्या राज्यात मनातलं बोलायची सोय नव्हती, म्हणून सिनेमावाल्यांनी ते जुन्या राजांच्या तोंडी घातलं. स्वराज्य आलं आणि पडद्यावर फावडी, घमेली नि ट्रॅक्टर आले. लोकांना अजून राजेच हवे होते. सरकारी रीळ म्हणजे तंबाखू मळायची वेळ, कोण कशाला बघतोय!

प्रयागबाई बघत होती. जन्मात पहिल्यांदा सिनेमा बघणाऱ्या बाईला काय, सगळंच नवं. कुठल्याशा धरणाचं काम चाललेलं, मुंग्यांसारखी माणसं. त्यातला एक गडी थांबला, तळहातावर थुंकला, डाव्या हातानं फावडं उचललं आणि सरळ तिच्याकडं बघून हसला. गालफडं बसलेली, दाढीचे खुंट पिकलेले, पुढचा एक दात गेलेला.

जोतीराम! तिचा श्वास खाली यायच्या आत तो गेला, आणि पडद्यावर कोंबड्या आल्या.

मग मोठा खेळ सुरू झाला. फौज निघाली तसा दोराच्या पलीकडून रामहरी केवढ्यांदा तरी ओरडला, "आरं, त्यो बघा, त्यो बघा आमचा दादा!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. डकवलेल्या दाढीचं ते कोवळं पोर तिनंही बघितलं. त्याला ती केव्हाच रडून मोकळी झाली होती. तिचा जीव अडकला होता फावडेवाल्यात.

"दिसला न्हवं?" परतताना रामहरीनं विचारलं.

"दिसलं," ती म्हणाली.

सकाळी जाग आली तेव्हा रामहरी घरात नव्हता. मोटेवर गेला असेल, असं तिला वाटलं. देव धुताना टाकाला कुंकू लावायला तिचा हात उचलेना. जित्या माणसाला आपण आठ वर्षं मयत म्हणून पुजतोय? आणि जिता होता तर घरी का आला नाही? की आला होता, आणि भिगवणच्या ठेसनावरच कुणी त्याला सांगितलं, की तुझी बायको आता तुझ्या भावाची झाली? ती तशीच उठली, पाटी भरून वांगी घेतली आणि बाजाराच्या नावाखाली भिगवणला आली.

तंबूत मशीन चालवणारा तात्याबा तुटकी फिल्म चिकटवत बसला होता. तिनं त्या रिळाचं विचारलं.

"त्ये सकाळच्या गाडीनं गेलं, बाई. आठवड्याला बदलतंय."

"पर त्ये काम कुटलं?"

"काय सांगावं? सगळ्या देशातलं असतंय. दोन-तीन साल जुनं बी असतंय. काम सरलं, माणसं पांगली." मग त्यानं मान वर केली. "त्यात हाय तरी काय? तांबडं फुटायला एक गडी बी ह्येच इचारत आला. लहान लेकरागत रडाय लागला, म्हून तेवढा तुकडा कापून दिला त्याला. कुटं बोलू नगा, माझी नोकरी जाईल."

कोण गडी, हे तिला विचारावं लागलं नाही. रामहरीनंही बघितलं होतं. आणि म्हणूनच फौजेतल्या दादाला तो एवढ्या मोठ्यानं हाका मारत होता.

ती वांगी तशीच घेऊन घरी आली. तिची नि रामहरीची सहा वर्षांची लेक कौसल्या अंगणात शेण थापत होती. प्रयागबाईनं चूल पेटवली, तवा टाकला. तेवढ्यात रामहरी आत आला आणि तिच्यापासून हातभर लांब बसला. मुंडाशातून त्यानं फिल्मचा तुकडा काढला आणि तिच्यापुढं धरला.

"वैनी," तो म्हणाला. पाट लागल्यापासून आठ वर्षांत त्यानं तिला या नावानं हाक मारली नव्हती. "ह्यो दादाच हाय. आता तुमी सांगाल तसं. म्हणाल तर मुलूख पालथा घालून हुडकून आणतो."

तिनं तुकडा दाराच्या उजेडात धरला. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा, पण तेवढाही पुरे होता. अंगणातून कौसल्या "आये, बग की" म्हणून हाका मारत होती. प्रयागबाईनं तुकडा खाली घेतला.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्ये त्ये न्हवंत."

आणि तिनं तो तुकडा चुलीत सारला. भडका उठला आणि विझला. पहिल्या खेपेला जोतीरामाला सरकारच्या कागदानं मारलं होतं, आता तिनं स्वतः मारलं. रामहरी गुडघ्यांत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होता. तिला मात्र रडूच येईना. तिनं तव्यावर भाकरी टाकली.

"आन् मला वैनी म्हणू नगा," ती म्हणाली.