अजून एक ऊन

आईंनी गवताची गुंडाळी उलटी केली आणि तिची मागची बाजू बोटांनी चाचपून पाहिली. कापड घेताना आधी उलटी बाजू बघायची, ही त्यांची जुनी सवय. नर्सरीवाला हिरव्या बाजूचं कौतुक करत होता आणि माझ्या सासूबाई मातीच्या बाजूत नख घालत होत्या.

"सकाळी अंथरा आणि संध्याकाळी त्यावर बसून चहा प्या," तो म्हणाला.

"आणि मुळं कुठायत?"

"आहेत की. आत आहेत."

"आत म्हणजे तुमच्या मातीत. आमच्या मातीत कधी जाणार?"

नर्सरीवाल्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. मी कोणाकडे पाहणार? माझ्या खांद्यावर आमची लेक ठकी होती, तिला दात येत होते, आणि तिने तेवढ्यात एका कुंडीतलं पान तोडून तोंडात घातलं होतं. ते काढण्यात मी गुंतले तोवर आईंचा निर्णय होऊन गेला होता. बी घ्यायचं. हरळीचं, कमी पाण्यात तग धरणारं. गुंडाळ्या नकोत.

नवऱ्याने बियांची पिशवी उचलली आणि आम्ही घरी आलो.

आमच्या घरामागे चार खाटा मावतील एवढं अंगण आहे. माती अशी की कुदळ मारली तर कुदळच कुरकुरते. पाऊस आमच्याकडे वाट चुकल्यासारखा येतो आणि चूक लक्षात आली की निघून जातो. नळाला पाणी एक दिवसाआड. अशा ठिकाणी हिरवळ हवी म्हणणं म्हणजे चैनच, पण आईंनी आयुष्यात घरच्यांकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती, त्यामुळे नाही कोण म्हणणार?

त्यांची सगळी नोकरी रुग्णालयाच्या धुलाईघरात गेली. पूर्वी तिथे मागे मोठी हिरवळ होती आणि धुतलेल्या चादरी ओल्याच त्या गवतावर अंथरत. दोरीवर वाळलेली चादर स्वच्छ होते, गवतावर वाळलेली पांढरी होते, असं आई सांगतात. का ते त्यांनाही ठाऊक नाही. चादर वाळली की ती उजेडाकडे धरून पास-नापास करायचं काम त्यांचं. मोठ्या सिस्टरबाई घाईत असल्या तरी आई चादर धरून उभ्या राहायच्या, मान हलवायच्या, "अजून एक ऊन लागेल" म्हणायच्या आणि चादर परत गवतावर जायची. धुलाईघरात त्यांना 'उन्हाच्या बाई' म्हणत. कौतुकाने किती आणि वैतागाने किती, ते त्या बायकांनाच माहीत.

पुढे एका दुष्काळात ती हिरवळ जळाली. त्यातच कोणी मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून रातोरात तयार गवताच्या गुंडाळ्या आणून अंथरल्या. साहेब आले, खूश होऊन गेले. नंतर कडा पिवळ्या पडल्या, आणि एक दिवस वाऱ्याने गवताचं टोक उचललं, घरातला गालिचा उचलावा तसं. ओल्या चादरींवर गुंडाळ्यांमधल्या जोडांचे तपकिरी पट्टे उमटले आणि बोलणी खाल्ली ती उन्हाच्या बाईंनी. त्यानंतर सुकवायची यंत्रं आली. तेव्हापासून आईंचा गुंडाळ्यांवर राग होता आणि यंत्रांवरही. त्यांना आता नातीची दुपटी गवतावर वाळवायची होती, बस्स.

पण नवऱ्याचंही चूक नव्हतं. आईंची मधली नजर जात होती. समोर पाहिलं की मध्ये धुराचा डाग, कडेचं तेवढं दिसायचं. म्हणून काही नीट बघायचं तर त्या मान तिरकी करायच्या. "कोंबडी झालेय मी," असं स्वतःच म्हणायच्या आणि ठकीला हसवायला खरोखरच मान तशी हलवायच्या. किती दिवस हे दिसेल, यावर डॉक्टर काही बोलले नव्हते. जे डोळ्यांनी करायचं ते आधी करून घ्या, एवढंच म्हणाले होते.

"बी कधी उगवणार, कधी दाटणार?" नवरा त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाला. "तिला दिसतंय तोवर हिरवं दिसू दे ना."

सासरे, म्हणजे बाबा, दारात उभे होते. ते पाणीखात्यात होते. सगळ्या पेठेचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं काम त्यांचं. तयार लॉन म्हणजे दारात हत्ती, पाजून पाजून दमाल, असं तेच आधी म्हणत होते. पण आता ते चष्मा काढून पुसत बसले.

बी आईंनीच पेरलं. वाळूत कालवलं, आणि कपड्यांवर इस्त्रीआधी पाणी शिंपडावं तसं मनगट झटकत एकदा उभं टाकलं, एकदा आडवं. वरून जुन्या विरलेल्या चादरी भिजवून पसरल्या, कडेला विटा ठेवल्या, म्हणजे ऊन लागणार नाही आणि चिमण्या बी टिपणार नाहीत. ठकीची दुपटी खळबळल्यावरचं शेवटचं पाणी अंगणात जाऊ लागलं. ज्या माणसाने जन्मभर व्हॉल्व्हची चाकं फिरवून पाण्याचे लोट सोडले, ते बाबा आता झारी घेऊन थेंब मोजल्यासारखे वाकलेले दिसायचे. "एवढ्या प्रेमाने माझ्या अंगावर कधी पाणी नाही घातलं," आई म्हणायच्या. बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे.

रोज सकाळी आई चादरीचं टोक उचलत, मान तिरकी करत आणि विचारत, "काही दिसतंय का रे?"

काहीच दिसत नव्हतं. खाली माती, आणि मातीसारखीच माती. एका सकाळी नवऱ्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "हो गं, थोडं थोडं हिरवं आलंय."

आई तो सगळा दिवस गुणगुणत होत्या. शेजारणीला बोलावून सांगितलं. ठकीला मांडीवर घेऊन सांगितलं. आणि नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं, कारण एकदा हिरवं आलं म्हटल्यावर ते वाढायला नको का? पुढच्या सकाळी "जरा दाटलंय" म्हणावं लागलं. त्याच्या पुढच्या सकाळी आईंनी वाकून हात लावायचं ठरवलं, तेव्हा त्याने "कोवळं आहे, मोडेल" म्हणून त्यांना आत पाठवलं. मी रात्री त्याला म्हटलं की सांगून टाक. तो म्हणाला, सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी आईंना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे रांग होती, ठकी रडली, झोपली, पुन्हा रडली. दुपार कलल्यावर परत आलो, तर मागचं दार उघडं आणि अंगण हिरवंगार. भिंतीपासून भिंतीपर्यंत. बापलेक दोघे बाजूला उभे, चेहरे धुतलेले, नखं मातीने भरलेली.

"बघ," बाबा म्हणाले. "आलं ना शेवटी."

आईंनी मान तिरकी केली. हिरवं त्यांना दिसलंच. कडेच्या नजरेने रंग दिसायचा. त्यांचा चेहरा उजळला. चपला काढून त्या गवतावर गेल्या आणि मला वाटलं, जाऊ दे, असंच असू दे. पण दोनचार पावलांवर त्या थांबल्या. तळपाय मागे घेतला, पुन्हा तिथेच ठेवला. मग खाली बसल्या आणि बोट टेकवून एक सरळ रेघ ओढत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही शिवण कोणी घातली?"

बाबांनी हात पाठीमागे घेतले.

"अगं, एकदम वाढलं," बाबा म्हणाले. "चांगल्या जातीचं बी."

"मी दवाखान्यात जाऊन येईपर्यंत?"

"म्हणजे तसं..." बाबांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा नखांतली माती काढत होता.

एरवी आई हसल्या असत्या. आज त्यांनी जोडावरचा हात काढला नाही.

"माझी नजर जातेय, ते मला माहीत आहे," त्या मुलाकडे वळून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी म्हणत होते, जाऊ दे, घरात तीन माणसं आहेत बघून सांगणारी. आता तूच हिरवं नसताना हिरवं म्हणायला लागलास, तर मी कोणाच्या डोळ्यांनी बघू?"

त्या उठल्या, चपला हाताने शोधल्या आणि आत गेल्या. मी ठकीला घेऊन तिथेच उभी राहिले. नवऱ्याने चपलांची ती शोधाशोध पाहिली होती. तो वाकला आणि कोपऱ्यातली पहिली गुंडाळी उचलायला लागला.

बाबाही वाकले. दोघे घामाघूम होऊन गुंडाळ्या काढत होते, आणि मधेच नवरा गुडघ्यांवर बसला. त्याने तोंड मातीपर्यंत नेलं.

"आई," त्याने हाक मारली. "आहे गं. खाली आहे. पांढरं आहे, दोऱ्यासारखं."

आई दारात आल्या, पण पायरी उतरल्या नाहीत. "तू सांग," त्या मला म्हणाल्या. "खरंच आहे?"

मी ठकीला बाबांकडे दिलं आणि खाली बसले. होतं. चादरीतून सुटलेला धागा असावा तसा एकेक पांढुरका कोंब, काही गवताच्या भाराने वाकलेले. मी अंगणभर फिरून पाहिलं.

"मध्ये मध्ये आहे," मी म्हटलं. "नळाकडे बरं आहे. भिंतीच्या कडेला काहीच नाही."

आईंनी मान हलवली. "भिंतीकडे तापतं. तिथे पुन्हा टाकू," त्या म्हणाल्या आणि वाळू शोधायला लागल्या.

गुंडाळ्या शेजाऱ्यांनी हसत हसत नेल्या. एक तुकडा बाबांनी नळाखाली लपवून लावला. तो जगला. आई त्याला 'पाहुणे' म्हणतात.

भिंतीकडे नंतर आणखी दोनदा टाकावं लागलं. सगळीकडे सारखी हिरवळ अजूनही नाही; नर्सरीवाला पाहील तर नाक मुरडेल. पण ठकी पहिल्यांदा सुटी उभी राहिली ती त्यावर, आणि धपकन बसली तीही त्यावर. आईंनी ते पाहिलं नाही, ऐकलं. तोवर कडेची नजरही धुरकट झाली होती. आता त्या कोंबडीची मान फक्त ठकीसाठी करतात.

दुपटी मात्र त्याच अंथरतात. हाताने कड शोधतात, झटकतात, चारही कोपरे चाचपून सरळ करतात. परवा दुपारी त्यांनी एक दुपटं उचललं, गालाला लावून पाहिलं, वाळलं होतं. ते माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "बघ."

मी ते उजेडाकडे धरलं, त्या धरायच्या तसं. दुपटं जवळजवळ पांढरं झालं होतं. एका कोपऱ्यात दुधाचा पुसट पिवळा डाग राहिला होता, इतका पुसट की नाही म्हटलं तरी चाललं असतं. मागच्या दारात नवरा उभा होता. त्याने काही खूण केली नाही, तोही बघत होता.

"अजून एक ऊन लागेल, आई," मी म्हटलं.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या, आणि किती दिवसांनी पूर्वीसारख्या हसल्या. त्यांचा हात हवेत थोडा फिरला, त्याला दुपट्याची कड सापडली. सकाळच्या जागी गवत दबलं होतं. त्यांनी ते तळपायाने चाचपलं, गवताला दम खाता यावा म्हणून एक पाऊल बाजूला सरकल्या, आणि वाकून दुपटं पुन्हा अंथरलं.