पत्र्यातले काका

सिनेमा मुलांचा होता. दोन भावंडं आणि त्यांचा रोबो. रोबोच्या पत्र्यात जो नट होता, त्याला सगळे ‘डबा’च म्हणत. “डबा आला!” अशी हाक गेली की निम्मे लोक हात धुवायला पळत आणि त्याला बघून तोंड वाकडं करत. त्यानेही ते मनाला लावून घेणं सोडलं होतं. उभा जन्म “साहेब, पाहुणे आलेत” एवढं बोलून आत जाण्यात गेला; आता कुठे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं काम मिळालं होतं. चेहरा दिसणार नव्हता, आवाजही दुसऱ्याचा. असो, दगडापेक्षा वीट मऊ. पण हेही सुटलं तर या वयात दुसरं कोण देणार, ही धास्ती त्याला आतल्या उकाड्यापेक्षा जास्त छळत होती.

कारण दिग्दर्शक सकाळपासून ओरडत होता. “अहो, खांदे पाडू नका! रोबो कधी दमतो का?”

पत्र्यातलं बोलणं बाहेर ऐकू येत नसे, हे एक बरं होतं.

प्रसंग साधाच. रोबो जिन्यापाशी थांबतो आणि धाकटी विचारते, ‘तुझी बॅटरी संपली का?’ पण धाकटीचं काम करणारी मुलगी रोज मधल्या सुट्टीत ‘काका’ म्हणत त्याला पाणी आणून द्यायची, आणि जिभेचं वळण काही सुटत नाही. कॅमेरा चालू असतानाच ती बोलून गेली, “काका, दमलात का? बसा ना जरा.”

तो बसला. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. पायरीवर मटकन बसला, मान खाली गेली, आणि आतल्या आत त्याला रडू फुटलं.

“वा! हेच!” दिग्दर्शक टाळ्या वाजवत आला. “ती रोबोला काका म्हणते आणि तो दमतो! आता सिनेमाभर असंच.”

चला, गंगेत घोडं न्हालं, असं वाटून त्याने पत्रा उतरवायला घेतला. तेवढ्यात कॉम्प्युटरवाली बाई हसत आली. “तुमचं ते बसणं अगदी बरोबर टिपलंय. आता पुढचं दमणं कॉम्प्युटरच करेल. उद्यापासून तुम्ही घरी आराम करा.”

पलीकडे दिग्दर्शक धाकटीला समजावत होता. “उद्या इथे रोबोच्या जागी काठीवर चेंडू असेल. त्याच्याशी बोलायचं.”

“चेंडूला काका म्हणायचं?”

“हो तर! तेच तर लोकांना आवडणार आहे.”

धाकटीने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने हसायचा प्रयत्न केला आणि अडकलेला पाय पत्र्यातून ओढून काढला.