सदऱ्यात सापडलेला जीन

रवळनाथाच्या सभामंडपात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. दहीकाल्यालाही आमच्या वाडीत एवढी माणसं येत नाहीत. पुढे केळीच्या पानावर चिमूटभर कुटलेला तांदूळ ठेवला होता. त्यावर बीजानंद स्वामी पळीतून तपकिरी तीर्थाचा एक थेंब सोडत होते. थेंब पडला की तांदूळ काळानिळा व्हायचा, शाई सांडल्यासारखा. बायका तोंडाला पदर लावायच्या.

"पाहिलात? हाच तो जीन!" स्वामी गरजले. "परदेशी प्रयोगशाळेत विंचवाचा जीन भातात टोचला. भातातला तुमच्यात आला. म्हणून तुमचे गुडघे दुखतात, म्हणून पोरं मोबाइल सोडत नाहीत, म्हणून खाडीत मासा मिळत नाही, महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप ओरडला.

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालताना गुरव एकेक वाक्य 'म्हाराजा'वर आणून सोडतो आणि लोक एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पाळण्यातली पोरंसुद्धा हे शिकून चालायला लागतात. पुढचा माणूस काय म्हणाला ते ऐकलंच पाहिजे असं नाही. 'म्हाराजा' ऐकू आलं की तोंड आपोआप उघडतं. स्वामींनी हे बरोबर हेरलं होतं.

"स्वामीनू," माझा धाकटा भाऊ बाबली हात जोडून म्हणाला, "ह्या जीएम जीएम म्हणतत ता काय?"

"जीएम म्हणजे गोमाता-मुक्त! ज्या अन्नाला गाईचा आशीर्वाद नाही ते. आणि डीएनए म्हणजे दैवी नाडी अंश. शास्त्र आहे हे, महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग स्वामींनी स्वतःचा तांदूळ दुसऱ्या पानावर ठेवला, त्यावर कमंडलूतलं शुद्धिजल शिंपडलं आणि तोच तीर्थाचा थेंब सोडला. तांदूळ पांढराच राहिला. हे त्यांचं शुद्ध बीज. उपाय सोपा होता. घराघरातलं जुनं बियाणं बाहेर उभ्या टेम्पोत टाकायचं, स्वामी ते खाडीत सोडणार, आणि त्यांच्याकडचं शुद्ध बीज विकत घ्यायचं. पेरणी तोंडावर आली होती. अर्धा टेम्पो भरलाही होता.

मी मागे खांबाला टेकून होतो. मी काही बोलायला आलो नव्हतो. तुळसा गेल्यापासून मी कुठे फारसा बोलत नाही. तुळसा माझी बायको. गेल्या श्रावणात वारली. तिने शेवटचा बांधलेला बियाण्याचा मुडा माझ्या माळ्यावर होता. मुडा म्हणजे भाताच्या काडाने गच्च वळलेला गोल गठ्ठा, आत बियाणं. वालय भात, आमच्या पेजेचा. तिच्या सासूकडून तिला आलेला. मी तो वर्षभर खाली उतरवला नव्हता.

पुढे बघतो तर तो मुडा बाबलीच्या बायकोच्या डोक्यावर.

"सुगंधा! तो खंयसून काढलंस?"

"रागावू नका दादानू. तुमच्या बऱ्यासाठीच हाडलंय. सगळ्यांचा शुद्ध झाला आणि तुमचा तेवढा रवला तर जीन परत आमच्यात येतलो."

स्वामींनी मुड्यात बोट खुपसून मूठभर दाणे काढले. शिष्याने कुटले. थेंब पडला. काळानिळा.

"अरेरे!" स्वामींनी डोळे मिटले. "कोणी बांधला हा?"

"माझ्या मोठ्या जावेन. ती गेली ओ," सुगंधा म्हणाली.

"जाणारच! तिच्या हातातच जीन होता. या बियाण्याने तिचा बळी घेतला. तिनेच घरात विष भरून ठेवलं, महाराजा!"

"व्हय म्हारा..." मंडपातून आवाज आला आणि मध्येच तुटला. बऱ्याच जणांनी माझ्याकडे बघितलं. बाबलीने जीभ चावली. पण म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

मी पुढे गेलो. मुडा उचलून काखेत धरला. स्वामींनी तो ओढला, मी परत ओढला. या ओढाताणीत पळी हिंदकळली आणि तीर्थ माझ्या सदऱ्यावर सांडलं. पांढऱ्या सदऱ्यावर छातीपाशी भलामोठा निळा डाग उमटला.

"अगे बाय! दादाच्या सदऱ्यात जीन!" सुगंधा किंचाळली. शेजारची माणसं माझ्यापासून दोन हात लांब सरकली. एकाने आपलं पोर पाठीमागे घेतलं.

मला मात्र तो वास आला. औषधाचा. तुळसाला शुगर होती. पायाची जखम भरत नव्हती. रोज मीच मलमपट्टी करायचो. तपकिरी औषध, हाच वास. माझे सदरे पेजेच्या निवळीत बुडवून कडक करायचे ही तिची पद्धत. ती गेल्यावरही मी तसेच करतो, नाहीतर सदरा अंगाला लागल्यासारखा वाटत नाही. एकदा औषधाचा थेंब अशाच सदऱ्यावर पडला होता आणि असाच डाग आला होता. ती खाटेवरून हसत म्हणाली होती, "सदऱ्यार शाई खंयसून इली? शाळेत जातास काय आता?"

मी देवळासमोरच्या माझ्या घरी गेलो. बाटली अजून खिडकीत होती. ती घेऊन परत आलो.

"बाबली, टोपी काढ."

"कित्याक?"

"काढ म्हणतंय ना!"

बाबलीची टोपी कडक इस्त्रीची. तिच्या कांजीची पेजही आमच्याकडचीच. मी बाटलीतला एक थेंब टाकला. टोपी निळी झाली.

"मेलंय!" बाबली डोकं चाचपत म्हणाला. "जीन मेंदवात चढलो!"

"तुझ्या मेंदवात चढूक जागाच खंय आसा? सगळो मोकळोच," मागून कोणीतरी म्हणालं आणि पहिल्यांदा मंडपात हसू फुटलं.

मग मी मंडळींच्या चहाबरोबर आणलेल्या पावावर थेंब टाकला. निळा. मंडपामागच्या स्वयंपाकातल्या चिरलेल्या बटाट्यावर टाकला. निळा. उपासाच्या साबुदाण्यावर टाकला. निळा.

"घोर कलियुग!" स्वामी म्हणाले. "बटाट्यातही शिरला!"

"स्वामी, एक विचारू?" गर्दीतून अक्षया पुढे आली. पिंगुळी गावची मुलगी, आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. "तुमच्या शुद्ध बियाण्याचो तांदूळ शुद्धिजल न घालता दाखवा बघूया. तसोच, कोरडो."

"शुद्धिजलाशिवाय विधी अपूर्ण राहतो."

"राहूदे अपूर्ण. आम्ही पापी माणसां."

तिने स्वामींच्या पोत्यातले चार दाणे स्वतः कुटले आणि मला खूण केली. मी थेंब सोडला. काळानिळा. तिने कमंडलूत बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"आवळ्याचो रस," ती म्हणाली. "ऐका. हे तीर्थ म्हंजे आयोडिन, काकांच्या बाटलीत आसा ताच. आयोडिन पिठुळ पदार्थाक लागला की निळा होता. भात, बटाटो, पाव, साबुदाणो, पेजेची कांजी, सगळ्यात पीठ, म्हंजे स्टार्च आसा. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर. ता आयोडिनाक मारता, मग निळो रंग येणाच नाय. सातवीची पोरां हो प्रयोग करतत. जीन ह्या थेंबात दिसणा नाय. कधीच नाय."

"मगे ह्यो टेम्पो?" बाबलीने विचारलं.

उत्तर सुगंधाने दिलं. तिने स्वामींच्या पोत्यात हात घातला होता आणि ओंजळीतले दाणे उजेडात धरले होते. लांब मिशांचं लालसर भात.

"ह्या माझ्या म्हायारचा भात!" ती ओरडली. "ह्या मिशांचा भात दुसरीकडे खंयच नाय. गेल्या आठवड्यात हे थंयच होते! आमचा घेवन पुढच्या गावात शुद्ध म्हणान विकतले, मेले!"

स्वामींनी उपरणं सावरलं आणि दाराकडे निघाले. बाबली आडवा आला. त्याने माझ्या हातातली बाटली घेतली आणि स्वामींच्या कडक, पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर उलटी केली. उपरणं खांद्यापासून खाली निळं होत गेलं.

"स्वामींका जीन लागलो!" पोरं नाचायला लागली.

टेम्पो रिकामा झाल्यावरच स्वामींना गावाबाहेर जाऊ दिलं. बायकांनी आपापले मुडे गाठी बघून ओळखून घेतले. पोत्यातलं लाल भात सुगंधाने माहेरी पोचवलं.

नंतर पायरीवर बसून बाबलीने निळी टोपी मांडीवर ठेवून अक्षयाला विचारलं, "पण बाई, खरा सांगा. जीएम बरा की वायट?"

"एका शब्दात सांगूक येणा नाय. एका जिवातलो गुण दुसऱ्या पिकाच्या बियाण्यात घालतत, ता जीएम. आपल्याकडे कापूस तसलो लावतत. तुमच्या मुड्यातला भात तसला नाय. जीएम पीक आणूचा की नाय ह्यावर मोठी मोठी माणसां भांडतत आणि भांडूकच होया. बियाणा कोणाच्या मालकीचा, तपासणी कोणी केली, आजूबाजूच्या शेताक काय होता, हे सगळे प्रश्न बरोबर आसत. ते विचारा. पण उत्तर पळीतसून येणा नाय."

तेवढ्यात गुरवाला राहवेना. तो देवासमोर उभा राहिला आणि लांब आवाज काढला, "बा देवा रवळनाथा, आज तुझ्या कृपेन वाडीतलो जीन निघान गेलो, म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

"थांबा!" अक्षया ओरडली. "निघान गेलो म्हंजे? इललो कधी?"

तोंडं उघडीच राहिली. मग सुगंधा माझ्याकडे वळली. "दादानू," ती हळू म्हणाली, "मघाशी वैनीबद्दल मीय व्हय म्हटलंय. ऐकाकच नाय ओ मी, काय म्हणालो तो."

"माका ठावक आसा," मी म्हणालो.

पेरणीला मुडा मीच सोडला. रोप हिरवंगार आलं. बाबली रोज बांधावर येऊन बघून जायचा, कुठे निळं दिसतं का. दिसलं नाही.

तुळसा गाऱ्हाण्याला माझ्या शेजारीच उभी राहायची. पण घरी येऊन कोणी काही विकायला लागलं, औषध असो, बियाणं असो की पुण्य, ती एकच शब्द बोलायची, "बघूया." आणि खरंच बघायची. दाणा दाताखाली धरायची, पाण्यात टाकायची, चार जणींना विचारायची. तिचा पाय शुगरने गेला आणि ती त्यातच गेली. डॉक्टरांनी मला ते समजावून सांगितलं होतं आणि मी समजून घेतलं होतं. तिच्या हातात विष नव्हतं.

म्हणून एवढंच सांगतो. देवापुढे हवं तितक्यांदा व्हय म्हणा. पण माणूस हातात पळी घेऊन समोर आला आणि तुमच्या घरातल्या वस्तूला, तुमच्या गेलेल्या माणसाला नावं ठेवायला लागला, तर तोंड उघडण्याआधी बघा. दुसऱ्या पानावर बघा, पाण्याने धुऊन बघा, स्वतःच्या सदऱ्यावर बघा. डाग पडला तरी चालेल. माझा अजून आहे.