एका पुस्तकाला एक चॉकलेट

ग्रंथपालकाकांना त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदाच पुस्तकाची किळस आली. परत आलेलं पुस्तक उघडलं, तर पानं चॉकलेटनं एकमेकांना चिकटलेली. सोडवायला गेले, तर फाटली. परत करणारा पठ्ठ्या वर म्हणतो, "वाचलं की! फार बोधप्रद आहे." मागच्या कव्हरवर नेमकं तेच छापलेलं होतं.

कल्पना काकांचीच. मुलं वाचनालयाकडे फिरकत नाहीत, म्हणून त्यांनी हौसेनं भिंतीवर मोठा तक्ता लावला: एका पुस्तकाला एक तारा, एका ताऱ्याला एक चॉकलेट. मग काय, झुंबड उडाली. वाचनालयाच्या अध्यक्षबाई येऊन तक्त्याचे फोटो काढून गेल्या. पोरं पुस्तक न्यायची, जिन्यात बसून पानं फडफडवायची आणि हात पुढे करून पुन्हा हजर. आया तर पोरांच्या वरताण. एक म्हणाली, "त्याला वेळ नसतो हो काका, मीच चाळलंय. तारा त्याच्या नावावर लावा." काकांनी तारा लावला, कारण नियमही त्यांचाच होता.

या बाजारात मुंगी तेवढी वेगळी. फार हळू वाचते म्हणून पोरांनी तिला ठेवलेलं हे नाव. पूर्वी पुस्तक म्हटलं की ही नाक मुरडायची. पण खाणीत अडकलेल्या एका गाढवाच्या जाडजूड गोष्टीनं तिला धरून ठेवलं होतं. खिडकीखाली बसून, ओळीवरून बोट फिरवत ती वाचायची आणि मध्येच ओरडायची, "काका, त्याला प्यायला पाणीच नाहीये हो तिथे!" एवढी एक पोरगी वाचायला लागली तरी आपण भरून पावलो, असं काकांना वाटायचं. तक्त्यावर तिच्या नावापुढे अजून एकही तारा नव्हता.

शनिवारी पोरांच्या गर्दीतच मुंगीनं ते पुस्तक टेबलावर आपटलं. खुणेचा कपटा निम्म्यातच होता.

"हे नको. सगळ्यात कमी पानांचं कुठलंय? सगळे मला ढ म्हणतात."

काकांचं तोंड कडू झालं. चिडायचं तरी कुणावर? तक्त्यावरचं अक्षर त्यांचंच होतं. ते उठले, तक्ता टराटरा फाडला आणि चॉकलेटचा डबा टेबलावर पालथा केला.

"न्या! न वाचताच न्या. खा आणि चालते व्हा!"

पोरांनी टेबल साफ केलं. "मग आता वाचायचं कशाला?" असं एकमेकांना विचारत घोळका जिना उतरला. फरशीवर कागद आणि पायाखाली चिरडलेलं चॉकलेट उरलं. मुंगीही मूठ भरून निघाली. हीसुद्धा गेली, असं समजून काका फडकं घ्यायला वळले.

"काका," दारातून आवाज आला, "ते गाढव बाहेर येतं का हो शेवटी?"

काकांना शेवट तोंडपाठ होता. सांगितला असता, तर पोरगी निवांत घरी गेली असती आणि पुन्हा दिसली नसती.

"मला काय माहीत? मी नाही वाचलं ते."

"शी!" चॉकलेटनं बरबटलेल्या पानांकडे काकांनी बघावं, तशी मुंगी काकांकडे बघत होती. "दिवसभर पुस्तकांत बसता आणि वाचलं नाही?"

ती तरातरा आत आली, हात फ्रॉकला पुसले आणि पुस्तक ओढून घेतलं.

"थांबा. मीच वाचून सांगते."