कोणती मावशी

“मुलगी तुमच्या बहिणीला काय म्हणून हाक मारायची?” सरकारी वकीलबाईंनी साक्षीला उभ्या असलेल्या थोरलीला विचारलं.

पहिलीतल्या पोरालाही जमेल असा प्रश्न. पण तेवढ्यासाठीच तिला बोलावलं होतं. कोर्टाचं दार आतून लावलेलं होतं. असल्या खटल्यात बघे आत घेत नाहीत. तिची पोर बाहेर बाकावर महिला पोलिसाजवळ बसली होती. आरोपीच्या पिंजऱ्यात दोघी उभ्या होत्या. एक, जिच्या घरातून पोरीला सोडवून आणलं ती धंदा चालवणारी बाई. दुसरी थोरलीची सख्खी धाकटी बहीण.

घोळ एका शब्दाचा होता. पोरीनं पोलिसांना सांगितलं होतं, मावशीनं कामाला लावते म्हणून नेलं, मावशीनं त्या घरात सोडलं. लिहिणाऱ्यानं जसंच्या तसं लिहिलं. आता धाकटीचा वकील म्हणत होता, त्या बाईला तिथल्या सगळ्याच मुली मावशी म्हणतात, मग जबाबातली मावशी तीच की. मागच्या तारखेला पोर स्वतः ‘सख्खी मावशी’ म्हणाली, तर म्हणे हे पढवलेलं आहे. वकीलच तो, दिवसाढवळ्या सूर्य नाही म्हणेल.

वकीलबाईंनी थोरलीला आपल्या खोलीत बसवून कायदा समजावला होता.

“आमिष दाखवून नेणारी, पोचवणारी आणि धंद्यासाठी ठेवून घेणारी, सगळ्यांचा गुन्हा एकच. मुलगी अठराच्या आतली. ती हसत गेली असली तरी तिची संमती कायदा धरत नाही. शिक्षा दहा वर्षांच्या खाली नाही, वर जन्मठेपेपर्यंत.”

“बसमध्ये तर मीच बसवून दिलं तिला,” थोरली म्हणाली. “वेणी घालून. मग मी कोण?”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं. फसवून नेणं हाच तर गुन्हा आहे, बाई.”

थोरलीनं मान डोलावली. हल्ली ती सगळ्यालाच मान डोलवायची. कामावर, इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करताना बोट भाजलं, तर ते तिला वासावरून कळायचं.

मग धाकटीचा नवरा घरी येऊन गेला. उंबऱ्यातच बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही.

“ताई, पोर लहानपणी हिला माऊ म्हणायची ना? तेवढंच सांगा, म्हणजे जबाबातली मावशी ही नव्हे. खोटंही बोलायला नको तुम्हाला.”

“खोटं नाहीच ते.”

“मग झालं तर. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.”

साप कोण आणि काठी कोण, हे त्यानं सांगितलं नाही. पण बोलला ते खरं होतं. बोबडी होती तोवर पोर माऊच म्हणायची. पुढे दुधाचे दात पडले आणि माऊची मावशी झाली. आई गेली तेव्हा धाकटी रांगत होती. थोरलीनंच तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, लग्न लावून दिलं. पोटच्या पोरीच्या आधीची ती पोर. तिनंच भाचीला विकलं. थोरलीला राग यायला हवा होता. तो येत नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटायची.

“बाई, उत्तर द्या,” न्यायाधीश म्हणाले.

थोरलीनं पिंजऱ्याकडे पाहिलं. धाकटी आवाज न करता नुसत्या ओठांनी सांगत होती, माऊ. बाळाला घास भरवताना आई आपलंच तोंड उघडते, तसे तिचे ओठ हलत होते.

“माऊ म्हणायची,” थोरली म्हणाली.

धाकटीच्या वकिलानं घाईघाईनं लिहून घेतलं.

“बोबडी होती तोवर. नंतर मावशी. नेलं त्या दिवशी बसमधून मला ओरडून सांगत होती, आई, मावशीनं मला खिडकी दिली.”

धाकटीनं डोळे मिटून घेतले. तिचा वकील उठला. “त्या घरातल्या बाईलाही मुली मावशीच म्हणतात, हे खरं ना?”

“म्हणत असतील. मी तिला आज पहिल्यांदा बघतेय. मावशी म्हणजे आईची बहीण. आई मी आहे.”

वकील खाली बसला. न्यायाधीशांनी ते वाक्य सावकाश सांगितलं आणि टंकलेखकानं ते टाइप केलं. थोरलीला वाचून दाखवलं, सही घेतली. सही नेहमीसारखीच आली. आता बाहेर जाऊन पोरीला घरी न्यायचं होतं.

ती वळली तेव्हा पोलीस दोघींना मागच्या दारानं नेत होते. धाकटी दाराशी थांबली.

“ताई,” तिनं हाक मारली.

“ओ,” थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

पोलिसानं तिला दंडाला धरून पुढे नेलं, दार लागलं. ओ दिली की पुढचं ऐकून घ्यायचं असतं, म्हणून थोरली तशीच उभी राहिली.